दोन ग्लव्ह्ज, दोन स्टेक

अ‍ॅडलेड, गुरुवार, १ जानेवारी
संकल्प: यंदा कीपर म्हणून एकही बाय, म्हणजे माझ्या हातून चेंडू निसटून गेलेली धाव, नाही. युद्धाने माझी पाच वर्षं खाल्ली. आता पस्तिशी. इंग्लंड दौऱ्याची बोट यंदा चुकली की संपलंच. ती चुकणार नाही. ट्रंक माळ्यावरून काढली.

तळहात जपायला कीपर ग्लव्ह्जमध्ये स्टेक, म्हणजे कच्च्या मांसाचे जाड तुकडे घालतात, तसे दोन घेतले. रविवारच्या जेवणाचे निघाले. बायको, डोरीन, म्हणाली, ने बाबा, पण परत आण. चेंडूचा मार खाऊन मऊ झाले की तळते.

शुक्रवार, संध्याकाळी
व्हिक्टोरिया संघाची बॅटिंग. बाय: अकरा. ऊन समोरून होतं. पुढच्या ओव्हरला बाजू बदलली, तेव्हा ऊन पाठीमागून होतं. तेही वाईटच.

शनिवार
एकशे चार डिग्री फॅरनहाइट. स्लिपमधला वॉली माझ्यापासून दोन पावलं लांब सरकला. माझी झेप त्याला ठाऊक आहे. मग आणखी दोन. मधून कॅच गेला. त्याचाच होता. वॉली म्हणाला, क्लेम, तुझ्या हातांत काय मेलंय रे?

माशा फार. दोन्ही हातांनी हाकत होतो, तेवढ्यात स्टम्पिंग हुकलं. कॅप्टन ट्रास्क म्हणाला, राजा, माशा मी हाकतो, तू चेंडू धर. मोठा विनोदी माणूस. सिलेक्टर पॅव्हेलियनमध्ये होता. माझ्याकडे बराच वेळ पाहत होता. नंतर पेपर वाचू लागला. नक्की झालं असणार.

बाय: तेवीस. मोजणारा आंधळा आहे.

रविवार, दुपारी १
आज विश्रांती. स्टेक रोज संध्याकाळी बर्फपेटीत ठेवत होतो, तरी डोरीनने व्हिनेगरमध्ये तीनदा धुतले. रेडिओवर इंग्लंडला जाणाऱ्यांची नावं. दोन कीपर. ऐकताना चुकलं असेल म्हणून पुन्हा सांगेपर्यंत उभा राहिलो. पुन्हा तेच दोन. फार वाईट वाटलं. डोरीनने ट्रंकेवर टेबलक्लॉथ घातला.

दुपारी २
जेवायला बसलो. सुरी आत जाईना. डोरीनने आपल्या ताटातला कापून पाहिला, मग माझ्या ताटातला. हळूच म्हणाली, क्लेम, दोन दिवसांत याला एकदाही चेंडू लागलेला नाही रे.

तळहात पाहिले. दोन्ही गुलाबी, मऊ.

खाटीक बदलायला हवा.