धोंड्याच्या वाणाला हेडर

मु. पो. वडपे, ता. भिवंडी
अधिक ज्येष्ठ वद्य अष्टमी, ८ जून २००७

तीर्थरूप मामा व मामी यांच्या पायांशी थोरला जावई पंढरी याचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत, म्हणजे कमळ बरी आहे आणि मी महिन्यापूर्वीपर्यंत बरा होतो. मामांचा गुडघा काय म्हणतो? गणेशपुरीच्या गरम कुंडात रोज बुडवता की नाही? (तुम्ही कुंडावर गुडघ्यासाठी जात नाही, गप्पा छाटायला जाता, असं मामी म्हणाल्या होत्या. मी विश्वास ठेवला नाही.) तुमची पेरणीची तयारी चालली असेल. आमच्याकडे पेरायला काही उरलेलं नाही. जिथे मी तुमच्या लेकीबरोबर चिखलात उभा राहून भात लावला, तिथे आता गोडाऊन आहे आणि त्यात कुणाच्या तरी वॉशिंग मशिनी उभ्या आहेत.

पत्र लिहायला बसलो ते धोंड्याच्या महिन्यामुळे. तीन वर्षांनी हा अधिक येतो आणि जावई नावाच्या माणसाच्या अंगावर मूठभर मांस चढतं. पूर्वी सुटसुटीत होतं. तेहतीस अनारसे, एक दिवा, कपडे, जावई पोटभर जेवून आडवा झाला की आपण सुटलो. पण वडप्यात गोडाऊनं आली आणि जमिनीबरोबर जावयांचेही भाव चढले. यंदा आमच्या तुळशीरामने जावयाला बुलेट दिली. जावई पाच फूट दोन इंच. बुलेट स्टँडवर चढवायला शेजारची दोन माणसं बोलवावी लागतात, ती रोज येतात, चहा पिऊन जातात. पण गावात नाव झालं.

आमचा जावई कुणाल कशेळीला राहतो, ठाण्याला कंपनीत कॉम्प्युटरवर बसतो आणि बोलत नाही. असल्या माणसाची मला धास्ती वाटते. मागणारा जावई परवडला, त्याला काय हवं ते कळतं तरी. मी फोन करून विचारलं, धोंड्याला काय करू, तर म्हणाला, "मला काही नको, मामा." आता मी अकरा वर्षं ग्रामपंचायतीत काढली आहेत. 'काही नको' म्हणणारा माणूस कुठल्या फायली अडवतो ते मला कुणी शिकवायला नको.  त्यात उन्नती सात महिने घरी आलेली नव्हती. कशेळी ते वडपे अंतर सोळा किलोमीटर, पण मध्ये अख्ख्या देशाचे कंटेनर उभे, शिवाय तिच्या सासूचं पथ्यपाणी, ह्याला सुट्टी नाही. पोरगी समोर बसून जेवली नाही तर मला घास गोड लागत नाही हो मामा. फोनवर तिचा आवाज आला की मी रिसीव्हर कमळच्या हातात देतो आणि बाहेर जाऊन उगाच नळ तपासतो. जावई रुसला तर पोरगी अधिकातसुद्धा यायची नाही, एवढं एकच डोक्यात बसलं.

मग उन्नतीकडूनच काढून घेतलं. ती हसून म्हणाली, त्यांना त्यांच्या त्या लाल गाडीचा हेडर बदलायचाय, दुसरं काही सुचतच नाही. झालं, गाठ सापडली. (गाडी जुनी, जपानी बनावटीची, आणि इतकी खाली की आमच्या दारातल्या उंचवट्याला पोट टेकतं.) हेडर म्हणजे काय हे मलाही माहीत नव्हतं. इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या चार नळ्या असतात. कंपनी बिडाच्या ओबडधोबड देते. शौकीन लोक त्या काढून बाहेरच्या, गुळगुळीत वळणांच्या बसवतात, म्हणजे गाडी मोकळा श्वास घेते आणि जोरात पळते. कुठे पळते ते शौकीन लोक सांगत नाहीत.

पण वाणात नळी चालते का? हे ठरवणार हौसाआक्का. (माझी थोरली बहीण. आमच्या घराचं धर्मखातं तिच्याकडे आहे आणि तिथे अपील नाही.) अधिकात भोकांची वस्तू द्यायची असते, म्हणूनच तर जाळीदार अनारसे आणि बत्तासे. आक्काने विचार करून सांगितलं, "भोकं हायत ना, मग चालल. पन लोखंड न्हाय द्यायचं जावयाला." म्हणजे साधा लोखंडी हेडर बाद. स्टील चालेल का यावर अर्धा दिवस गेला. शेवटी लग्नात तुम्ही दिलेली सगळी भांडी स्टीलची होती आणि मी अजून हयात आहे, या मुद्द्यावर स्टीलचा ठराव पास झाला.

भिवंडीत अफजलचं गॅरेज मोहिउद्दीनशेठच्या कापड कारखान्याला लागून आहे. मध्ये एक भिंत, पलीकडे अठ्ठेचाळीस लूम. अफजलकडे स्टीलचे दोन प्रकार होते. एकात चार नळ्या आधी दोन होतात आणि मग एक. दुसऱ्यात चारही सरळ एकात शिरतात. पहिल्याने गाडी हळू चालतानाही नीट ओढते, दुसरा रिकाम्या रस्त्यावर सुसाट पळवणाऱ्याचा. अफजल माझ्या कानाशी तोंड आणून ओरडला, "काका, रोडपे चलाना है तो चार-दो-एक लो. चार-एकवाला जाम में दम निकालेगा." मी म्हटलं, आवाज ऐकव. दोन गिऱ्हाइकांच्या गाड्या उभ्या होत्या, दोन प्रकार बसवलेल्या. त्याने पहिली रेस केली. मला काहीच ऐकू येईना, गाडी चालू आहे का ते मागे हात धरून बघावं लागलं. दुसरी रेस केली तेव्हा लूमच्या खडखडाटातून जरा काहीतरी कानाला लागलं. ग्रामपंचायतीत मी हेच पाहिलंय, ज्याचा आवाज ऐकू येतो त्याचंच काम होतं. मी चार-एक घेतला.

गुरुवारी जोडी आली. आक्काने हेडरला हळदकुंकू लावलं, हार घातला आणि तेहतीस अनारसे ताटात मावेनात म्हणून उरलेले नळ्यांत भरले. कुणालरावांनी ताट पाहिलं आणि चक्क हसले, लग्नानंतर मला त्यांचे दात पहिल्यांदा दिसले. मग "मामा, चार-दोन-एक असता तर" एवढंच बोलले. नंतर मोजले तर अनारसे बत्तीसच भरले. कमळने माझ्याकडे पाहिलं. मी खाल्ला नव्हता.

शुक्रवारी नमाजानंतर अफजलने गॅरेज उघडलं आणि हेडर बसवला. शुक्रवारी लूमना सुट्टी असते, हे माझ्या डोक्यातून पार निसटलं होतं. गाडी सुरू झाली आणि अख्ख्या गल्लीच्या खिडक्या उघडल्या. मोहिउद्दीनशेठ तीस वर्षं चालू लूमशेजारी खाट टाकून दुपारची झोप घेतो, आजवर त्याला कशाने जाग आली नव्हती. तो बनियनवर धावत बाहेर आला आणि कुठला बॉयलर फुटला ते विचारायला लागला. अफजल माझ्याकडे बोट दाखवून आत गेला.

तिथून आम्ही निघालो तर गाडीमागून जळक्या गुळाचा खमंग धूर. (तेहतिसावा सापडला.) एक रिक्षावाला शेजारी येऊन विचारून गेला, हलवाई कुठला. नाक्यावर जाम लागला. जाममध्ये हा चार-एक हळू चालायला तयार नाही, दोन हात पुढे जातो, आचके देतो आणि बंद पडतो. आमच्या डाव्या बाजूने सुताची हातगाडी गेली, मग उजव्या बाजूने एक म्हैस. ड्रायव्हर सीटवर कुणालराव, कपाळावर घाम आणि हात सारखा किल्लीवर. सात किलोमीटरला पावणेतीन तास लागले. एवढ्या वेळात आमच्या हद्दीत आणखी एखादं गोडाऊन उभं राहिलं असेल.

असो. सांगायचं म्हणजे माझी युक्ती फळली. उन्नती आली, चार दिवस राहिली, घर भरून गेलं. हेडर आणि इंजिनाच्या जोडातलं गॅस्केट मात्र नीट बसलं नव्हतं. जोडावरून फटफट आवाज येत होता, तर मी आणि कुणालरावांनी अख्खा हेडर पुन्हा उतरवला, बोल्ट आतून बाहेर असे आवळत आणले, एक बोल्ट आटे गेलेला निघाला, तो काढायलाच दीड दिवस. असा बोलका जावई मी पाहिला नाही. गाडीखाली आडवा झाला की पोरगा थांबतच नाही. नळ्यांची लांबी समान का हवी, वळण किती असावं, सगळं मला तोंडपाठ झालंय. एकंदरीत ही हौस म्हणजे निव्वळ मूर्खपणा आहे, आणि हल्लीच्या जावयांना सासऱ्याच्या जिवाची किंमत राहिली नाही, हे तुमच्यासारख्या जुन्या माणसापाशी बोलून मन मोकळं केलं. मामींना औषध वेळेवर घ्यायला सांगा. लहानांना आशीर्वाद, थोरांना दंडवत.

तुमचा आज्ञाधारक,
पंढरी

ता. क. मूळ मुद्दा राहिलाच. अधिक संपायला सात दिवस आहेत आणि मीही कुणाचा तरी जावई आहे. मागच्या अधिकातला दिवा आणि त्याच्या आधीचा दिवा, दोन्ही माळ्यावर सुखरूप आहेत. यंदा दिवा नको. आमच्या दाराशी जी पांढरी गाडी आहे तिलाही चारच सिलिंडर आहेत. तो चार-दोन-एक मी अफजलला बाजूला काढून ठेवायला सांगितलाय, तुमच्या नावाने.

ता. क. दुसरा. हे कमळला कळू देऊ नका. पत्र पेटीत टाकायला तिच्याच हाती देतोय, पण पाकीट नीट चिकटवलं आहे.

बाबा, मी कमळ. पाकीट वाफेवर उघडलं. कुणालरावांनी खरंच काही मागितलं नव्हतं, त्यांना सुट्टी मिळत नव्हती, एवढंच. उन्नती चार दिवस होती. रोज दोन्ही वेळा ताट वाढून घ्यायची आणि ओटीवर यांची वाट बघत बसायची. तिथून गाडीखालचे यांचे पाय दिसतात. सोमवारी निघताना मला म्हणाली, आई, बाबांना सांग मी येऊन गेले. मी अजून सांगितलेलं नाही. यांना तुम्ही काही पाठवू नका. अधिक संपायच्या आत मला आणि उन्नतीला तिकडे राहायला बोलवा. न्यायला कुणी नको, आम्ही दोघी एसटीने येऊ.