नोएडाचा फ्लॅट आणि शेवंताबाईंचा भोपळा

रविवार, २३ नोव्हेंबर २०२५, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, उपकारस्तुतीच्या सणात श्रीमती शेवंता रणभिसे यांचा दुधी भोपळा लिलावाच्या टेबलावरून खाली उतरवण्यात आला. म्हणून मी, श्रीमती अरुणा दिनकर मकासरे, वय ७१, निवृत्त कक्ष अधिकारी, राहणार करोल बाग, दिल्ली, माझे आधीचे मृत्युपत्र रद्द करून हे नवे करीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. कोणाचा दबाव नाही. राग आहे, तो कायद्याला चालतो, हे वकिलांना विचारून घेतले आहे.

१. सणाला प्रत्येकाने घरची वस्तू आणायची आणि जी टेबलावर आधी येईल तिचा लिलाव आधी, हा आमचा छत्तीस वर्षांचा रिवाज. दिल्लीच्या हिंदूराव रुग्णालयात जन्मभर आयाचे काम केलेल्या शेवंताबाई सकाळी सातलाच आल्या होत्या. पाळक गुणवंत आढाव यांनी एका बिल्डरच्या चांदीच्या ताटासाठी जागा केली.

"बाई, तुमचं नंतर घेऊ. आज बडे पाहुणे आहेत."

"घ्या की. भोपळा आहे, पळून जातोय होय?"

नंतर कोणी घेतला नाही. संध्याकाळी मी पाळकांना फोन केला.

"मॅडम, देवाला सगळं सारखंच. बिजलीच्या बिलाला नाही ना!"

बिजलीचे बिल मलाही येते.

२. आता माझे. त्या वेळी मी पहिल्या रांगेत, नाव चिकटवलेल्या खुर्चीत गप्प बसले होते. नोएडाचा फ्लॅट मंडळीला देणार म्हणून ती खुर्ची. आधीच्या मृत्युपत्रात मी दिवंगत यजमानांच्या नावाची संगमरवरी पाटीही मागितली होती. देवाला देताना पावती मागितली. ती अट रद्द. दिनकर स्वतः तीस वर्षे शेवटच्या बाकावर बसले. "इथून लवकर निघता येतं," म्हणायचे.

३. नोएडाच्या फ्लॅटमध्ये शेवंताबाईंना त्या हयात असेपर्यंत भाडे न देता राहण्याचा हक्क राहील. त्यांच्यामागे तो मंडळीचा. मात्र पाळक व कमिटीने शेवंताबाईंच्या घरी जाऊन माफी मागावी आणि सणाचा जुना क्रम लेखी कायम करावा. नाहीतर फ्लॅट माझी भाची रेवती हिचा. ती चर्चला जात नाही, पण रांग मोडत नाही.

४. करोल बागचे घर व बँकेतली शिल्लक रेवतीला. शाळेतली माझी पदके तिने भंगारात घालू नयेत. सिस्टरांनी ती सहजासहजी दिलेली नाहीत.

५. माझे भिंतीवरचे घड्याळ पाळकांना. उपदेश पन्नास मिनिटे चालतो.

साक्षीला शेवंताबाईच हव्या होत्या. परंतु ज्याला लाभ, त्याने साक्ष करू नये, असे वकील म्हणाले. म्हणून खाली सही करणारे दोघे शेजारी. दोघांसमोर मी सही केली आणि माझ्यासमोर त्यांनी.

(सही) अरुणा दिनकर मकासरे
साक्षीदार: १. सूर्यकांत देवधर (सही) २. वासंती कुलकर्णी (सही)
दिल्ली, सोमवार, ८ डिसेंबर २०२५

प्रत: पाळक व कमिटी यांस. कलम ३ मान्य आहे की नाही, ते सर्वांच्या सह्यांनिशी बुधवार, ३१ डिसेंबर २०२५, संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळवावे. फोन करू नये.