पोटाखालचा पत्रा

रवि., १ फेब्रु.
हायवेच्या टपरीवर चहा. एकच कंपनी, एकच मॉडेल, तीन गाड्या ओळीनं उभ्या. माझी चंदेरी, मेश्राम साहेबांची पांढरी, विलासची मरून. विषय तोच.
मे. सा. पोस्टातून रिटायर झालेले. म्हणतात, लोण्यासारखी चालते. ते पन्नासच्या वर जात नाहीत, त्यांना रोड रोलरही लोण्यासारखा वाटेल. विलास (साळेबुवा, म्हणजे सौ.चा भाऊ, शाळेत मास्तर) म्हणतो पिकअपच नाही, एसी लावला की उड्डाणपुलावर रडते. माझं मत मी मागेच सांगितलं आहे. या पैशात एवढी जागा, एवढी डिकी दुसरी गाडी देत नाही. चालवता आली पाहिजे.
एका बाबतीत तिघांचं एकमत : पोट फार खाली. गावातल्या ब्रेकरवर घासायचं. दिवाळीत मी तिन्ही गाड्यांखाली लोखंडी पत्र्याचे गार्ड बसवले तेव्हापासून एक ओरखडा नाही. फर्मा माझा, वेल्डिंग माझं. दहावीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण कंपनीच्या इंजिनिअरला न सुचलेलं काम केलं.
उठताना वि. म्हणाला, "भाऊजी, शाळेतून वापस येतानी मले जळल्यासारखा वास येते."
"क्लचवर पाय ठेवून चालवशील त काय अत्तराचा येईन?"
सगळे हसले. टपरीवालासुद्धा. वि. हसला नाही.

शुक्र., ६ फेब्रु.
वि.च्या शाळेकडच्या रस्त्यानं गेलो होतो, एका गेटचं माप घ्यायला. लाखोरीचं (लाखेच्या डाळीचं) पीक निघून पंधरवडा झालेला. डांबरी रस्ता या काठापासून त्या काठापर्यंत वाळलेल्या वेलांनी झाकलेला. दरवर्षीचंच. मळणी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या चाकांवर.
एका म्हातारीनं काठी आडवी धरली. "बाबू, सरका निघून जाऊ नको. दोन चकरा मार न. तुयी गाडी वजनदार हाये."
दोनाच्या चार मारल्या. मोटारसायकलनं दाणे नुसते उडतात, कारचं वजन चार टायरवर सारखं पडतं, म्हणून शेंगा नीट फुटतात, हे तिला समजावून सांगितलं.
"हाव बाबू. आता एक अजून मार."

सोम., ९ फेब्रु.
भंडाऱ्याहून येताना सौ. म्हणाली, "काही करपून राहिलं."
खिडकी उघडली. ट्रॅक्टरचा असेल म्हटलं. बंद केली. वास आतच.
घरी येऊन बॉनेट उघडलं. वायरिंग, फ्यूज, बॅटरीची टोकं, सगळं पाहिलं. ठीक. क्लचचा वास मला झोपेतही ओळखता येतो, तो नाकात चिरत जातो. हा तसा नाही. हा गोडसर. चुलीत ओला काडीकचरा टाकल्यासारखा.
वि.चं बोलणं आठवलं. मुद्दाम बाजूला सारलं.

बुध., ११ फेब्रु.
दुकानाच्या खड्ड्यावर गाडी घेतली. गार्डचे सहा नट काढले. पत्रा खाली आला आणि त्याच्यासोबत लाखोरीची गादी आली. चार बोटं जाड, दाबून बसलेली. सायलेन्सरच्या पाइपाकडची बाजू काळी. बोट लावलं तर कोळशासारखी चुरली. पत्र्याकडची बाजू पिवळी, कोरडी खडखडीत.
मागच्या कडेला दीड इंच पट्टी मी वर वळवली होती. गिट्टी उडून पाइपावर लागू नये म्हणून. तीच पट्टी सुपासारखी काम करून राहिली. समोरून वेल आत येतात, मागून निघत नाहीत.
पट्टी माझ्याच डोक्यातली.
गादी मागे नेऊन पाण्याच्या टाक्यात बुडवली. कोणाला बोललो नाही.

गुरु., १२ फेब्रु.
मे. सां.ना बोलावून घेतलं. म्हटलं, गार्डमध्ये थोडी सुधारणा करायची आहे. त्यांच्याही गाडीत तेच, पण थोडं. ते त्या रस्त्यानं क्वचित जातात.
साहेब खाली पडलेल्या काळ्या काड्यांकडे बघत उभे राहिले. चहा अर्धा ठेवला.
"विलास सर तर रोज जातात ना?"
"जातात."
पुढे काही विचारलं नाही. ते त्यांचं मला आवडतं आणि आवडत नाही.

रवि., १५ फेब्रु.
टपरीवर वि. आला नाही. गेल्या रविवारीही नव्हता.
किराणावाला पडोळे म्हणाला, "भाऊ, माझ्या गाडीलेबी तुमचा पत्रा ठोकून द्या." मे. सा. माझ्याकडे पाहून राहिले.
म्हटलं, सध्या माल नाही.
बोलणार होतो. चहा संपला.

मंगळ., १७ फेब्रु.
वि.कडे गेलो. मरून गाडी दारात. त्याचा गार्ड नट-बोल्टवर नाही. बोल्ट वाजतात अशी त्याची तक्रार होती, म्हणून चारही बाजूंनी वेल्ड मारून दिला होता. वर म्हटलंही होतं, आता गाडी जाईल पण हा जाणार नाही. घरी निघण्यासारखा नाही. दुकानात आणून कापावा लागेल.
"एक दिवस दुकानात आण. रंगाचा हात मारून देतो."
"कायले? चांगला हाये न."
मग अर्धं सांगितलं. पत्र्यावर कचरा जमतो, बरं नाही.
"कचरा?" वि. हसला. आता त्याची पाळी. "माया त क्लच जळते भाऊजी. तुमीच सांगतलं. चौघांत सांगतलं. मले अजूनही शाळेत पोट्टे क्लच मास्तर म्हणतात, मालूम हाये का?"
"विलास, ऐक त खरं."
"परीक्षा होऊ द्या. एप्रिलमध्ये पाहू."
मी तिथंच, इस्त्रीच्या पँटीनिशी, गाडीखाली आडवा झालो. तो म्हणे, "उठा बापा, शेजारचे पाहून राहिले." सळईनं ओढलं. मूठभर निघालं. आतलं ढळलं नाही. काळपट दिसत होतं. पत्र्याच्या फटीतून किती दिसणार.
"निघालं न? मी दर रविवारी काढत जाईन," म्हणाला आणि आत गेला.

गुरु., १९ फेब्रु.
वि. रोज शाळेतल्या दोन शिक्षिकांना सोबत नेतो. एक तिरोडकर बाई, दुसऱ्या नवीन, नाव माहीत नाही. सकाळी दुकानासमोरच्या ब्रेकरवर गाडी हळू होते. आज खालून चार-पाच वेल लोंबत होते, घोड्याच्या तोंडातल्या गवतासारखे. हात केला. त्यानं हॉर्न दिला आणि गेला.
सौ.ला सगळं सांगितलं. पट्टीसकट.
तिनं लाटणं बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "मले सांगून काय होते? तो मायाच भाऊ हाये. चौघांत हसले होते न तुमी? मंग चौघांतच सांगा. त्याशिवाय तो गाडी आणत नाही. मी वळखतो न त्याले."
मी म्हटलं, आधी नवीन गार्ड करतो, मागून मोकळा, कचरा आपोआप पडेल असा. तयार गार्ड हातात घेऊन सांगितलं की बोलायला बरं पडेल.
"तुमाले तोंड कसं दाखवायचं ते पडलं," म्हणाली.

शनि., २१ फेब्रु.
नवीन फर्मा. माझी गाडी स्टँडवर चढवली, सायलेन्सरचा पाइप उतरवला, मापं घेतली. या खेपेला मागची कड उघडी. पत्रा पातळ, छिद्रं जास्त.
ऊन वाढलं. दुपारी दुकानातलं लोखंड हातात धरवत नाही.

रवि., २२ फेब्रु.
टपरीवर सांगितलं. उभं राहून. क्लच नव्हता, पत्रा आहे. पत्रा माझा आहे. विलासचं खरं होतं, मी हसलो ते चुकलं.
कोणी हसलं नाही. पडोळे म्हणाला, "बरं झालं भाऊ माल नव्हता." मे. सां.नी माझ्यासाठी दुसरा चहा सांगितला.
वि. नव्हता. ज्याच्यासाठी उभा राहिलो तोच नव्हता. मे. सा. म्हणाले, मी त्यांना सांगतो, तुमच्यापेक्षा माझं ऐकतील. संध्याकाळी त्यांचा फोन आला : विलास सर म्हणाले, सोमवार जाऊ द्या, मंगळवारी सुट्टी टाकून गाडी नेतो.
मंगळवार. ठीक.

सोम., २३ फेब्रु.
सकाळी गाडी गेली. आज वि.नं हात केला, नीट, काच खाली करून. "उद्या येतो भाऊजी." काच उघडी होती म्हणून वास माझ्यापर्यंत आला. करपलेला नाही आता. जळका.
ओरडलो. मागून ट्रक होता, त्याला ऐकू गेलं नाही.
फोन केला. उचलला नाही. तो वर्गात फोन बंद ठेवतो. मे. सा. गावात नव्हते.
दुपारी पुन्हा केला. लागला. म्हटलं, गाडी तिथंच ठेव, तिघं एसटीनं या, गाडी उद्या टेम्पो करून आणू.
"आमी निघालो भाऊजी, भंडाऱ्याले बैठक हाये म्हणून लवकर. लाखोरीवर हावो. इथं नेटवर्क..." मागून बाईंचा आवाज, काहीतरी काच खाली करा म्हणत होत्या. कटलं.
आता त्याचा फोन बंद सांगते.
माझी गाडी स्टँडवर, पाइपाविना. मे. सां.ना फोन केला, साकोलीहून परत येत आहेत, पोचतोच म्हणाले. पाण्याचे दोन कॅन, गोणपाट, पहार काढून रस्त्याच्या कडेला ठेवलं. उभं राहवत नाही म्हणून हे लिहून राहिलो.
सौ. गच्चीवर गेली. वरून सांगते, शाळेच्या अंगाला धूर दिसते.
शेताच्या कडेचे धुरे जाळत असतील कोणी. या दिवसांत जाळतातच.