पान चारचा कोपरा परत न मागण्याबाबत

प्रति,
मा. प्राचार्य,
कला महाविद्यालय.

विषय : पुस्तक दाखल क्र. ४४१७ मधील पान चारचा फाटलेला कोपरा माझ्या मुलीकडेच राहू देण्याबाबत.
संदर्भ : ग्रंथालयाची कालची नोटीस, ‘फाटलेला भाग दोन दिवसांत जमा करावा.’

महोदय,

मी अंतिम वर्षाची विद्यार्थिनी व चौदा महिन्यांच्या मुलीची आई आहे. परीक्षेसाठी प्रत्येकाने हाताने बांधलेले, न छापलेले पुस्तक करायचे होते. एकाने साबणाच्या वड्यांचे केले (ते ग्रंथालयाच्या बेसिनवर संपले). मी मुलीचे जुने दुपटे कापून आठ पानांचे पुस्तक शिवले. दुपट्याची गरज संपली असा माझा समज होता. मुलीचा तसा नव्हता.

पुस्तक पहिले आले व नियमानुसार ग्रंथालयात जमा झाले. पानोपानी शिक्के, वर ‘फक्त येथे बसून वाचण्यासाठी’. तेव्हापासून मुलीच्या डोळ्याला डोळा नाही. दुसरी दुपटी तिने हुंगून फेकली. सासूबाई म्हणाल्या, पोरीचं पांघरूण परीक्षेला बसवणारी आई आजच पाहिली.

नाइलाजाने मी तिला रोज दुपारी वाचनकक्षात आणू लागले. ग्रंथपालबाईंनी रीतसर वाचक-कार्ड काढले, सहीच्या जागी अंगठा घेतला. पान चारचा कोपरा तोंडात धरून ती दहा मिनिटांत झोपे. शिपाईकाका मात्र ‘पाने थुंकी लावून उलटू नयेत’ ही पाटी दाखवत. मुलगी पान उलटत नाही, ती चारच्या पुढे गेलेलीच नाही, हे मी नम्रपणे निदर्शनास आणले होते.

परवा पाच वाजता पुस्तक परत घेताना एका बाजूने ग्रंथपालबाई व दुसऱ्या बाजूने मुलगी अशी ओढाताण होऊन कोपरा मुलीच्या मुठीत राहिला. कापड फाटले, टाके उसवले नाहीत, हे परीक्षकांच्या कानावर घालावे. त्यानंतर मुलगी घरी सलग अकरा तास झोपली. श्वास चालू आहे ना, हे मी चार वेळा उठून पाहिले.

तरी पुस्तक आपलेच राहू द्यावे, कोपरा मागू नये. त्या जागी मी ठिगळ लावून देते. चोखून कोपरा रोज लहान होत आहे, महिनाभर पुरेल. आठ पानांचे मोकळे कोपरे सोळा, पैकी पंधरा शिल्लक आहेत. दर महिन्यास एक मिळावा. तोवर ती लिहायला शिकली, तर उरलेले अर्ज स्वतः करील.

आपल्या होकाराची वाट पाहणारी,
(सही)
पुस्तकबांधणी वर्ग, हजेरी क्र. १४
दि. ९ मार्च

सोबत :
१. मुलीच्या वाचक-कार्डाची प्रत
२. नोटिशीची प्रत
३. कोपरा जोडलेला नाही. वाचक झोपली आहे.