चित्राहुतीचं पाणी

दिग्रस

प्रिय साडूभाऊ दिनकरराव यांना वामनचा मनापासून नमस्कार.

तुमचा गुडघा काय म्हणतो? कोकिळाताईंची साखर उतरली, की अजून डब्यातली बुंदी चोरून चालूच आहे? म्हशीचा खोकला थांबला असेल. इकडे रत्नप्रभेचा रक्तदाब ठीक आहे, माझा तिच्या ताब्यात.

आमच्या स्पृहेनं तुमच्या गल्लीतला मंदार पसंत केला, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पोरगा गुणी, पण नको तितका खरा. रत्नप्रभेनं त्याला कौतुकानं विचारलं, की जेवायला काय आवडतं? तर म्हणाला, "काहीही चालतं काकू, सोबत थंडगार बीअर असली की झालं." झालंच मग! "हे लग्न मोडलं समजा," म्हणून ती आत गेली. तेव्हापासून मायलेकी एकमेकींशी बोलेनात आणि दोघींचे निरोप पोचवून माझे पाय दुखायला लागले.

शेवटी मीच मंदारला पुन्हा जेवायला बोलावलं. (मनात असं, की त्या बीअरनं माणूस बिघडतच असेल, तर आधी आपण बिघडून पाहावं. पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे.) बाटली पेपरात गुंडाळून आणली, गार व्हायला कूलरच्या टाकीत बुडवली आणि पानं वाढेस्तोवर गुपचूप दोन स्टीलच्या पेल्यांत ओतली.

आता माझी जन्माची सवय तुम्हाला माहीत आहे. ताट समोर आलं की हात आपोआप चालतो. पेल्यातलं पाणी उजव्या तळहातावर घेतलं, ताटाभोवती फिरवलं, भाताच्या चित्राहुती घातल्या, आपोष्णी घेतली आणि जीभ कडू झाली तेव्हा कळलं, की सगळा विधी बीअरनं झाला! मंदारनं जन्मात चित्राहुती घातली नसेल, पण मोठं माणूस करतं ते आपणही करावं म्हणून त्यानंही माझ्यामागून तस्संच केलं, अगदी डोळे मिटून.

रत्नप्रभा भाकर घेऊन दारात उभी होती. मी म्हटलं, संपलं आता. तर ती स्पृहेला (इतक्या दिवसांनी!) हाक मारून म्हणते, "पाह्यलं का गं? पोट्टा चित्राहुती घालते! आजकाल कोण करून राह्यलं असं?" तेवढ्यात ताटांभोवती मुंग्या जमल्या, तर म्हणाली, "पहा, जीवजंतूसुद्धा तृप्त झाले." मंदारला तिनं स्वतःच्या हातानं तूप वाढलं. लग्न पक्कं!

तुमचा,
वामन

ता. क. खरं काम आता सांगतो. लग्नात वरपक्षाच्या पहिल्या पंगतीला मंदारनं सगळ्यांसमोर चित्राहुती घालावी, असा रत्नप्रभेचा हट्ट आहे. पोराला मंत्राचा 'म' येत नाही. तो सध्या तिकडे तुमच्या वणीतच आहे. त्याला घरी बोलावून शिकवा. पाण्यानं शिकवा.

आणखी एक. आत्ताच रत्नप्रभा विचारून गेली, "त्या दिवशी पेल्यातल्या पाण्याले फेस कायचा होता जी?" मी तुरटीचा म्हणून सांगितलं. ती हसल्यासारखी वाटली, आणि जाताना म्हणाली, "मग पुढच्या वेळी तुरटी फ्रिजात ठेवा, कूलरले वास येते." याचा अर्थ काय घ्यावा, ते लवकर लिहून कळवा. फोन नको, ती स्पीकरवर लावते.