सरदारकी गेली त्याची हकिगत

धाकटी डहाणू,
आषाढातला शनिवार, दुपार

चिरंजीव हार्दिक यास हंसाआत्याचा पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पोलीस ट्रेनिंगमध्ये फोन जमा करून घेतात आणि पत्र मात्र चालतं, हे वाचून तुझ्या आईला वाईट वाटलं. मला बरं वाटलं, कारण मला जे सांगायचंय ते फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच ओरडला असतास. पायाचे फोड बसले का? रात्री खोबरेल लावून मोजे घालून झोप. जेवणात मासळी मिळत नाही लिहिलंस, तर खारे बोंबील पाठवले असते, पण पार्सल उघडल्यावर तुमची अख्खी तुकडी बाहेर पळेल म्हणून राहू दिलं. इकडे सगळे मजेत. तुझे पप्पा, म्हणजे आमचे सदानंद तांडेल, बोट किनाऱ्याला शाकारून पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठेपर्यंत घरात बसलेत आणि बोटीवर सोडायचे ते हुकूम आता आम्हाला सोडतायत. शितलचं कॉलेज सुरू झालं. मी सुकी मासळी घेऊन तलासरीच्या बाजाराला आणि अच्छाडच्या ढाब्यांवर जाते, ते एक वाजता घरी. ताजी मासळी नाही, म्हणजे दुपार मोकळी. सगळं तिथूनच सुरू झालं.

जाताना तू मला काय सांगितलं होतंस ते मला चांगलं आठवतंय. "आत्या, रोज एकदा लॅपटॉप उघड, खेळातल्या माझ्या घोड्याला चारा घाल, आणि बंद कर. बाकी कशाला हात लावू नकोस." तुळशीला पाणी घालावं तसं काम. शितलने खेळाची भाषा हिंदी करून दिली आणि मी चार दिवस इमानाने चारा घातला, देवाशप्पथ. (घोडा गुणी आहे. आपल्या घरातल्या माणसांपेक्षा कमी कुरकुर करतो.) तुझा वाडा पाहिला, गढी पाहिली, येणारे-जाणारे कमरेत वाकून "सरदार हार्दिकसेन की जय" म्हणतात तेही पाहिलं. नाव ठेवताना तुला जरा लाज वाटायला हवी होती, पण असो.

पाचव्या दिवशी खेळातल्या सकाळी गढीच्या दारात एक व्यापारी उभा. म्हणतो, तलवार विकता का? आता तूच सांग, मी काय करायचं? दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक! बोहनीचं गिऱ्हाईक परत पाठवलं तर दिवसभर टोपलीवर माशी बसत नाही, हे मी माझ्या सासूकडून शिकले आणि तीस वर्षं पाळलं. मी त्याने सांगितलेल्या पहिल्या भावाला हो म्हटलं. तलवारीच्या मुठीवरचे माणिक मला नंतर दिसले. शितल कॉलेजातून आली आणि किंचाळली, की ही तलवार मिळवायला दादा बारावीच्या परीक्षेआधी अकरा दिवस गुहेत बसला होता. मला काय माहीत? मला वाटलं, तेव्हा तू भूगोल वाचत होतास.

तर कोपऱ्यात ती प्रतिष्ठेची पट्टी असते ना, ती थोडी उतरली. मी म्हटलं, उतरली तर चढेलही, समुद्राजवळ राहणाऱ्याने एवढ्याने घाबरायचं नसतं. तेवढ्यात राजाच्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण आलं. दोन पर्याय: प्रधानाच्या शेजारी मानाच्या पाटावर बसायचं, की मुदपाकखान्यात जायचं. हार्दिक, लग्नघरी गेल्यावर आधी चुलीकडे जाऊन काही कमी पडतंय का विचारायचं आणि मग बसायचं, ही आपली रीत. मी सरळ मुदपाकखान्यात गेले. तुझा सरदार, पिसाची टोपी घातलेला, कांदे चिरणाऱ्या बायकांत उभा! पट्टी खाली गेली, दरबारी हसले, प्रधानाने तोंड फिरवलं. पण तिथल्या आचारीणबाईने मला जे सांगितलं ते मानाच्या पाटावर जन्मात कळलं नसतं: राजाला बंदरावर नवा महाल बांधायचाय आणि तिथली कोळ्यांची वस्ती त्याला नकोय.

मी तशीच घोड्यावर बसून बंदरावर गेले. तर तिथे कोणी बोलेना. सगळे वाकून "जी सरदार, सब ठीक है सरदार" म्हणत मागे सरकतात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं रे. कारण साहेब लोक गाडीतून उतरून बाजारात आले की आम्हीही असंच करतो. "सगळं ठीक आहे साहेब" म्हणतो, आणि गाडी गेली की खरं बोलायला लागतो. तुझ्या त्या पिसाच्या टोपीमुळे मला समोरच्या बाजूची, टोपलीमागची मी दिसले.

आता मुख्य गोष्ट. बसून वाच. (ड्यूटीवर उभा असशील तर नंतर वाच.) दुसऱ्या दिवशी राजाने दरबारात बोलावलं आणि हुकूम दिला, की सरदार, बंदरावरच्या सगळ्या होड्या जाळून या. खाली दोन पर्याय आले: हुकूम मानतो, हुकूम मानत नाही. मी हात मागे घेतला. उठून भात टाकला. सुकट निवडली. परत येऊन बघते तर राजा दाढी हलवत तसाच उभा! शेजारच्या सोमीकडे जाऊन आले, तरी उभाच! खरं सांगते, माझ्या सगळ्या आयुष्यात कुठला पुरुष माझ्या उत्तरासाठी एवढा वेळ थांबलेला नाही. तुझे आतोबा गेले तेव्हा मी सासरी राहायचं की माहेरी यायचं, हे आतल्या खोलीत ठरलं. मला बाहेर सगळ्यांचा चहा करायला सांगितलं होतं. कोणाचा राग नाही, जे झालं ते बरंच झालं. पण तुला काय हवंय, असं मला एकदाही कोणी विचारलं नव्हतं, आणि त्या दुपारी राजा विचारत होता. मला इतका आनंद झाला की मी त्याला आणखी तासभर उभा ठेवला.

तोवर घरात गर्दी झाली होती. सोमी आली, तिची धाकली जाऊ आपल्या दोन सुनांना घेऊन आली, आणि तुझे पप्पा (आम्हाला या खेळात रस नाही, असं आधी तीन वेळा सांगून) खुर्ची ओढून मागे बसले. पप्पा म्हणाले, पोराची सरदारकी आहे, हुकूम मान आणि गप बस. सोमी उसळली. म्हणाली, "हुकूम मान काय? होडी जाळली तर त्यांनी खायचं काय, राजाची दाढी? तू नाय म्हन गो त्याला!" पप्पा खुर्ची पुढे सरकवून पडद्यात वाकले. मग हळूच म्हणाले, "त्या कोपऱ्यातल्या होडीचं बांधकाम चांगलंय." मला तेवढं पुरे झालं. मी "नहीं" दाबलं.

पुढचं भराभर सांगते. सरदारकी गेली. गढी गेली. टोपी गेली, तिचं काही वाटलं नाही. घोडा घेऊन गेले तेव्हा मी पदराने डोळे पुसले आणि सोमीने राजाला अशा शिव्या दिल्या की शितलने खिडकी लावून घेतली. पट्टी तळाला टेकली आणि नावाच्या जागी फक्त "कोई नहीं" असं आलं.

आणि हार्दिक, तिथून खेळ सुरू झाला! तू दोन वर्षं भलत्याच खेळात होतास. सरदाराला कामं एकटा राजा सांगतो: जाळ, मार, वसूल कर. "कोई नहीं"ला अख्खं गाव काम सांगतं. बंदरावरची तीच माणसं आता हाक मारून बोलवायला लागली. एका म्हातारीचं जाळं सोडवून दिलं, तर तिने खाडीतली चोरवाट दाखवली. खाडीत एक भला मोठा अजगर होता. तुझ्यासारखा सरदार त्याच्याशी लढला असता. मी त्याला टोपलीभर सुकं घातलं, तर तो आता आमच्या होड्यांपुढे वाट काढत पोहतो. राजाची माणसं मशाली घेऊन आली त्या दिवशी आम्ही सातही होड्या बायकापोरांसकट त्या चोरवाटेने बाहेर काढल्या. एकही जळली नाही! घरात असा आरडाओरडा झाला की शेजारी विचारायला आले, काय, क्रिकेट आहे का. तुझे पप्पा शेवटपर्यंत "अगो, बोट अशी नाय वळत, वारा बघ, वारा बघ" म्हणत ओरडत होते, आणि मी वारा बघितला म्हणूनच वाचलो, हे त्यांना सांगू नकोस. आता बेटावर आमची नवी वस्ती आहे आणि मी तिची मुखत्यार. रोज दुपारी पाच बायका चहा घेऊन जमतात आणि आज कोणतं काम घ्यायचं ते हात वर करून ठरवतात.

तर अशी खुशाली. रागावू नकोस. आईचा आशीर्वाद, शितलचा नमस्कार, पप्पांनी काही सांगितलं नाही पण मध्येमध्ये तुझं नाव काढतात. कवायत नीट कर.

तुझीच,
हंसाआत्या

ता. क. – तुमचे साहेब पत्रं उघडून वाचतात असं ऐकलं. साहेब, वरचा राजा खेळातला आहे. आमचा हार्दिक हुकूम पाळणारा मुलगा आहे, तो माझ्यावर गेलेला नाही.

ता. क. दुसरा – ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते राहिलंच. शितल म्हणते, तुझा जुना डाव लॅपटॉपमध्ये जपून ठेवलेला आहे. तो उघडला की तुला सरदारकी, तलवार, घोडा सगळं परत मिळेल, आणि आमचं बेट, सात होड्या आणि ती म्हातारी कधी नव्हतीच असं होईल. दिवाळीला तुम्ही मित्र मिळून उत्तरेचा किल्ला घेणार होतात आणि फौज फक्त सरदारच बोलावू शकतो, हेही तिने सांगितलं. वस्तू तुझी आहे. तेव्हा तूच ठरव: जुना डाव ठेवायचा, की आमचा? नीट विचार करून उलट टपाली कळव.

ता. क. तिसरा – पाकीट चिकटवलं होतं, ते परत उघडलं. जुना डाव मी काल दुपारीच पुसला. शितल म्हणाली, निदान दादाला विचार तरी, म्हणून वर विचारलं. आम्ही गिऱ्हाईकाला "कापून देऊ का?" विचारतो तेव्हा मासा निम्मा कापून झालेला असतो, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. दिवाळीला मित्रांना घेऊन ये. होडीवर खलाशांच्या जागा रिकाम्या आहेत, तुला घेते. तू आधी सरदार होतास हे मी तिथे कोणाला सांगणार नाही.