ट्रॅक्टरनं निवडून दिलेली यूआर

प्रिय दिलीप,

आज तुझा वाढदिवस नाही, आपल्या लग्नाचा नाही, वर्षश्राद्ध तर नाहीच नाही. तरी लिहायला बसलेय, कारण एक गोष्ट पोटात मावत नाहीये आणि ती तुला सांगितल्याशिवाय तिची मजा येणार नाही. काल आपल्या कॉलेजात माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. तिथून घरी आले, चपला काढल्या आणि दारातूनच ओरडले, "अरे दिलीप, ऐकलंस का!" मग आठवलं. तुला जाऊन दोन वर्षं होत आली, पण माझी जीभ काही ऐकत नाही.

दुसरं कारण असं, की उद्या मला एक उत्तर द्यायचंय. विद्यापीठाच्या सिनेटची निवडणूक लागली आहे. पदवीधरांच्या गटातून मी उभं राहावं म्हणून मी शिकवते त्या आपल्याच कॉलेजातले सहकारी आणि माझे विद्यार्थी हात धुऊन मागे लागलेत. त्यात सगळ्यात पुढे ऋतुजा, माझी एम.ए.ची विद्यार्थिनी. वर्गात भूगोलाच्या नकाशाकडे बघणार नाही, पण मतदार कुठल्या तालुक्यात किती, हे तिला तोंडपाठ!

माझं उत्तर तुला माहीत आहेच. गेली कित्येक वर्षं तेच देतेय. "मी जन्मात एकदाच निवडून आले, तेही ट्रॅक्टरच्या कृपेनं. मला नका उभं करू."

"मॅडम, हा ट्रॅक्टरचा काय किस्सा?" ऋतुजानं विचारलं. मग काय, सांगावाच लागला. तू असतास तर मला एक वाक्य धड बोलू दिलं नसतंस! हल्लीच्या पोरांना यूआर म्हणजे काय तेही माहीत नाही रे. प्रत्येक वर्गात पहिला येईल तो वर्गप्रतिनिधी, म्हणजे सीआर. शिवाय खेळ, एनएसएस, एनसीसी, सांस्कृतिक यांचा एकेक प्रतिनिधी. आणि या सगळ्यांनी मिळून आपल्यातला एक विद्यापीठ प्रतिनिधी निवडायचा, तो यूआर. मी आर्ट्सची सीआर. तू अभ्यासात यथातथाच, पण खो-खोच्या जोरावर क्रीडा प्रतिनिधी झालेला. उभे राहिलो दोघंच. तू आणि मी.

आणि मतदानाआधी सीआर पळवायचे, ही तर तेव्हाची रीतच होती. कुणी आपल्या सीआरना महाबळेश्वर दाखवून आणायचं, कुणी कोकणात समुद्रावर न्यायचं. तू नेलंस श्रीगोंद्याकडे, तुझ्या मामांच्या गुऱ्हाळावर! निवडणूक त्या वर्षी लांबत लांबत दिवाळीनंतर गेली होती, ऊस तोडणीला आला होता आणि गुऱ्हाळ जोरात चालू होतं. पोरांना ताजा रस, गरम काकवी, भाकरी, झोपायला पाचटाची गादी. मामा म्हणे सगळ्यांच्या पाठीवर थापा मारत फिरत होते. "खावा रं पोरांनो, लाजू नका. घरचंच हाय. लई खाल्लं तरी काय व्हत न्हाई!"

मतदानाच्या सकाळी तू सगळ्यांना मामांच्या टेम्पोत भरलंस. स्वतः पुढे ड्रायव्हरशेजारी ऐटीत बसलास आणि मागे बिचाऱ्या सीआरांवर ताडपत्री ओढलीस. का, तर विरोधकांनी बघू नये म्हणून! विरोधक म्हणजे कोण रे? मी! मी काय काठी घेऊन नगरच्या वेशीवर उभी राहणार होते? हा प्रश्न मी तुला लग्नानंतरही विचारला होता, आणि तू म्हणाला होतास, "तुझा काही भरवसा नव्हता."

पुढचं तर अख्ख्या जिल्ह्याला पाठ आहे. कारखान्याकडे निघालेली उसाची ट्रॉली ऐन रस्त्यात कलंडली. पुढे ट्रॅक्टर, मागे ट्रॅक्टर, दोन्ही बाजूंना उसाच्या बैलगाड्या आणि मधोमध तुझा टेम्पो. खिशात मोबाईल असायचे दिवस नव्हते ते. इकडे प्राचार्यांच्या केबिनबाहेर आम्ही सीआर मुली आणि एनसीसीचा एक मुलगा, एवढेच उभे. सर घड्याळाकडे बघत होते, मग माझ्याकडे, मग परत घड्याळाकडे. शेवटी म्हणाले, "चला, आलेत तेवढ्यांचं घेऊ." मतमोजणीला वेळ लागला नाही. सर्व मतं सुनंदाला. दिलीपला शून्य. स्वतःचंसुद्धा मत नाही मिळालं तुला!

दुपार उलटल्यावर तू आलास. केसांत पाचट, शर्टाला काकवीचे डाग, मागे तुझी ती सगळी दमलेली फौज. फळ्यावरचं ते शून्य बघितलंस आणि मला वाटलं आता हा काहीतरी फोडणार. तू मात्र टेम्पोतून गुळाची ढेप आणून माझ्यापुढे ठेवलीस आणि म्हणालास, "अभिनंदन. तुझं नाही, ट्रॅक्टरचं."

खरं सांगू? मी तिथेच पडले तुझ्या प्रेमात. ढेप जड होती, तीही तूच घरापर्यंत आणून दिलीस. माझे वडील नुकतेच नागापूरच्या कंपनीतून पाळी संपवून आले होते. त्यांनी तुला चहा पाजला आणि तू गेल्यावर विचारलं, "हा पोरगा निवडणूक हरला म्हणतेस, मग एवढा खूष का दिसतोय?"

ते वर्ष काय मजेत गेलं! यूआर मी होते, पण तू स्वतःच स्वतःला विरोधी पक्षनेता नेमून टाकलंस. ट्रॅडिशनल डेला मी आवारात बैल आणायला बंदी घातली, तर तू गेटपर्यंत बैलगाडीतून आलास आणि गेटच्या आत बैल सोडून पोरांनाच जुंपलंस. "यूआरबाई, तुमच्या नियमात बैलांना बंदी आहे, पोरांना नाही." गॅदरिंगला मी कार्यक्रमपत्रिका हातात घेऊन घामाघूम, आणि तू ऐन वेळी माईक बंद पडल्यावर मोकळ्या गळ्यानं फिशपॉन्ड वाचून दाखवलेस. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेले. पहिलाच फिशपॉन्ड माझ्यावर होता, आणि तो कुणी टाकला होता हे काही मला विचारावं लागलं नाही.

मग लग्न झालं. घरात सासूबाईंसमोर 'अहो', आणि त्या देवळात गेल्या की 'अरे दिल्या'. पाहुणे आले, पोहे झाले, की तू खुर्ची पुढे ओढायचास. मला कळायचं, आता ट्रॅक्टर येणार. "आमच्या बाईसाहेब म्हणजे ट्रॅक्टरनं निवडून दिलेल्या यूआर, बरं का! माझे सीआर वेळेवर पोचले असते तर..." पाहुणे हसून हसून लोळायचे. मीही हसायचे. किस्सा तू सांगायचासच तसा. ट्रॉली कलंडल्याचा आवाज काय, बैलांचं फुरफुरणं काय! दर वर्षी बैलगाड्यांची संख्या वाढत जायची.

पण दिलीप, थोडं टोचायचं रे. अगदी थोडं. कॉलेजात स्टाफ सेक्रेटरी व्हा म्हणाले, मी नको म्हटलं. पतपेढीवर उभ्या राहा म्हणाले, तेही नको म्हटलं. मला वाटायचं, मला खरं कुणी निवडलेलंच नाही. जी एक खुर्ची मिळाली, ती दुसरा कुणी यायला उशीर झाला म्हणून मिळाली. तू एकदा माझ्याकडे बघून विचारलंही होतंस, "तू खरंच मनावर घेतेस का गं?" मी म्हटलं, छे! आणि तू लगेच विश्वास ठेवलास. एवढा चटकन ठेवायचा नसतो विश्वास, वेड्या. अजून एकदा विचारायला काय झालं होतं?

असो. आता कालचं ऐक.

मेळाव्याला पिठलं-भाकरी आणि ठेच्याचं जेवण होतं. आपल्या वेळचे निम्म्याहून जास्त आले होते. पोटं सुटलेली, केस गेलेले, पण ओरडणं तेच. व्यवस्थेला आत्ताची पोरं होती आणि माईक होता ऋतुजाच्या हातात. जेवणं झाल्यावर तिनं काय करावं? सरळ जाहीर केलं, "आपल्याकडे एक निवडणूक अर्धवट राहिली आहे. त्या दिवशी टेम्पोत कोण कोण होतं, त्यांनी पुढे यावं. आज फेरमतदान!"

टाळ्या, शिट्ट्या, नुसता गोंधळ. तुझी सगळी फौज पुढे आली. पुढे कोण, तर सॅम्युएल. तुझा सॅमी, त्या वेळचा कॉमर्सचा सीआर, आता कोल्हारला हेडमास्तर आहे. ऋतुजानं विचारलं, "दिलीप सरांना मत कुणाचं?" एकही हात वर नाही. "सुनंदा मॅडमना?" सगळे हात वर. सगळेच्या सगळे!

लोक हसले, आणि माझे कान तापले. हे का करताहेत, ते मला लगेच कळलं. नवरा गेलाय, एकटी राहते बिचारी, द्या तिला मत. मी उठून म्हटलं, "पुरे झालं. तो नाही म्हणून माझी कीव करताय होय? तो असता तर एकाचा तरी हात वर झाला असता का माझ्यासाठी?"

ऋतुजा बिचारी माईक धरून उभी. आणि सॅमी चिडला. हो, आपला सॅमी, ज्याला कुणी चिडलेलं बघितलेलं नाही!

"काय बोलती तू सुनंदा? कीव कसली? त्या ताडपत्रीखाली आम्ही घामानं भिजलो होतो, तवाच ठरलं होतं. दिल्याचा गूळ खायचा अन् मत सुनंदाला द्यायचं."

"अख्ख्या टेम्पोचं?"

"अख्ख्या टेम्पोचं. तो पुढं बसला होता ड्रायव्हरपाशी, त्याला काय ऐकू येतंय!"

मागून कुणीतरी ओरडलं, "पास! एसटीचा पास!" आणि मग सगळे एकदम बोलायला लागले. तुला आठवतं का? बाहेरगावची पोरं पाससाठी स्टँडवर रांगेत सकाळ घालवायची, तास बुडायचे. मी डेपोत अर्ज देऊन, तिथल्या साहेबांच्या डोक्याशी कटकट करून, पास देणारा माणूस दर महिन्याला कॉलेजात आणून बसवला होता. सीआर होते तेव्हाच. मी विसरूनही गेले होते. टेम्पोतली सगळी पोरं एसटीनं येणारी होती, दिलीप. ती विसरली नव्हती.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?" मी विचारलं.

सॅमी खाली बघायला लागला. "त्या दिवशी मामांचा गूळ अजून पोटात होता गं, कुठल्या तोंडानं सांगनार? मग तुमचं लग्न ठरलं. मग तो किस्सा सांगायला लागला. लई वेळा ठरवलं, आज सांगू. पन तो इतका रंगात यायचा, का आमच्याच्यानं मोडवत न्हवतं."

मी रडले. सगळ्यांसमोर, नाक ओढत. आणि मग जे हसू आलं ते थांबेना. इतकी वर्षं तू त्यांच्याच पुढ्यात बसून, त्यांच्याच पाठीवर थापा मारून सांगत होतास, "हे पोचले असते तर मी निवडून आलो असतो की नाही, सांग रे सॅम्या!" आणि सॅमी बापडा मान डोलवत होता! ट्रॅक्टरनं मला नाही रे वाचवलं. तुला वाचवलं. ते सगळे वेळेवर पोचले असते आणि त्यांच्यासमोर, त्यांच्याच हातांनी तू पडला असतास, तर ढेप आणली असतीस का माझ्यासाठी? आणली असतीस, मला माहीत आहे. पण फार कडू तोंडानं.

तुला राग आला का? नाही ना? मला तर तुझा चेहराच दिसतोय. आधी डोळे मोठे होणार, मग "सॅम्याला फोडलंस तू!" म्हणून आरडाओरडा, आणि संध्याकाळपर्यंत हाच नवा किस्सा गल्लीभर सांगून मोकळा होणार. तुझ्या हरण्यावर तुझ्याइतकं मोठ्यांदा कुणी हसलं नसतं. हे तुला समोर बसून सांगता आलं असतं तर! एवढं एकच वाईट वाटतंय.

तुझा किस्सा मी बंद पाडणार नाही, काळजी करू नकोस. बैलगाड्याही तू वाढवल्यास तेवढ्याच ठेवीन. फक्त यापुढे तो ताडपत्रीच्या आतूनही सांगेन.

आणि एक वचन देते. उद्या सकाळी पहिल्या तासाआधी ऋतुजाला स्टाफरूममध्ये बोलावून सांगणार आहे की मी उभी राहतेय. गावोगाव फिरेन, पदवीधरांच्या दारात जाऊन माझं नाव सांगेन, मत मागेन. लाजणार नाही. पडले तर पडेन, पण माझ्या मतांनी पडेन. आणि निवडून आले, तर त्याचं श्रेय या वेळी कुणालाही देणार नाही. तुलासुद्धा नाही!

तुझीच, आणि रीतसर निवडून आलेली,
सुनंदा